लॅव्हेंडरची छाटणी नेमकी कधी आणि किती? खालचा भाग नुसता लाकूड झालाय

कुंडीतली_सावली

नमस्कार मंडळी, घरच्या बागेत लॅव्हेंडर वाढवणारं कुणी असेल तर जरा मदत हवीय. माझ्याकडे जमिनीत लावलेलं चार वर्षांचं एक झुडूप आहे, आणि यंदा आणलेली दोन लहान रोपं कुंडीत आहेत. मोठ्या झुडपाला मी आजवर नीट अशी कात्री लावलेलीच नाही, वाळलेले तुरे हाताला येतील तसे खुडले एवढंच. आता त्याची अवस्था अशी झालीय की वरून छान राखाडी-हिरवं दिसतं पण खाली वीतभर नुसत्या काड्या, मधोमध पोकळ पडलंय, आणि जोराचा पाऊस आला की फांद्या चारी बाजूंना फाकून जमिनीवर लोळतात. फुलं यंदाही आली, आता बहर संपत आलाय, बरेचसे तुरे करडे पडलेत.

कात्री लावायला घाबरतेय त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी याच्या शेजारचं लॅव्हेंडर असंच फाकलं होतं, तेव्हा मी गुलाबाची करतात तशी छाटणी केली, जमिनीपासून वीतभर ठेवून वरचं सगळं उडवलं. वाटलं महिनाभरात धुमारे येतील. एक पान आलं नाही. दोन महिने रोज सकाळी जाऊन बघत होते, शेवटी नखाने साल खरवडली तर आत तपकिरी कोरडं. फार वाईट वाटलं, ते झाड मी काडीपासून वाढवलेलं होतं.

वाचायला जावं तर जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणतं ऑगस्ट, कुणी म्हणतं फेब्रुवारी, कुणी म्हणतं वसंतात नवी पालवी दिसली की. किती कापायचं तर कुणी एक तृतीयांश, कुणी अर्धं, कुणी म्हणतं फक्त फुलांचे दांडे. मला सरळ सांगा, या झाडाला आत्ता कात्री लावू का थांबू, आणि लावली तर कुठपर्यंत? लहान रोपांचं काय करायचं तेही सांगा.

मातीचा_वास

ताई, शेजारचं झाड का गेलं ते तुम्हीच लिहिलंय, गुलाबासारखं कापलं म्हणून. गुलाबाच्या जून फांदीवर सालीखाली झोपलेले डोळे असतात, वरचा भाग गेला की ते जागे होतात आणि फुटतात. लॅव्हेंडरच्या ज्या भागावरची पानं झडून गेली आणि लाकूड झालं तिथे असे जिवंत डोळे फार थोडे उरतात, बहुतेक वेळा नसतातच. म्हणून त्याला उघड्या लाकडात कापलं की फुटायला जागाच राहत नाही आणि पानं नाहीत म्हटल्यावर मुळांना अन्न कुठून मिळणार, झाड आतल्या साठ्यावर थोडे दिवस काढतं आणि मग वाळतं. यात तुमच्या काळजी घेण्यात काही कमी पडलं असं नाही, ते झाडच तसं आहे.

म्हणजे पहिला नियम एकच, कापून झाल्यावर प्रत्येक फांदीवर थोडी का होईना हिरवी पानं उरलीच पाहिजेत. बाकी सगळं यानंतर.

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. एक फांदी हातात घ्या, तुऱ्यापासून बोट हळूहळू खाली सरकवत आणा. आधी नुसता पानं नसलेला फुलाचा दांडा लागेल, मग पानांचा भाग सुरू होईल, पानं वरती दाट आणि खाली विरळ होत जातील, आणि मग एका जागी पानं संपून तपकिरी खरबरीत साल लागेल. ती जागा ही तुमची सीमा. त्या सीमेपासून दोन-तीन बोटं वर या आणि तिथे, एखाद्या पानांच्या जोडीच्या किंवा छोट्या फुटव्याच्या जरा वर कापा. पुढची फांदी घ्या, परत बोट सरकवा. पहिल्या पाच-दहा फांद्यांना वेळ लागतो, मग नजर बसते आणि मूठभर फांद्या एकदम धरून कापता येतात.

दरवर्षी कापलेल्या निरोगी झाडात हे माप साधारण झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत जातं, पानांचा भाग लांब असेल तर अर्ध्यापर्यंतही जातं, आणि तुमच्यासारख्या न कापलेल्या झाडात पानांचा भागच वरच्या वर असतो त्यामुळे दांडे आणि खाली एखादा इंचच निघतो. म्हणून तुम्हाला तीन ठिकाणी तीन मापं वाचायला मिळाली, तिघांची झाडं वेगळी. माप फांदीवरून काढा, पुस्तकातल्या आकड्यावरून काढू नका.

महिन्यांचंही तेच. ऑगस्ट लिहिणारा उत्तर गोलार्धातला असतो, फेब्रुवारी लिहिणारा बऱ्याचदा दक्षिण गोलार्धातला, त्याच्याकडे तेव्हा उन्हाळ्याची अखेर असते. दोघं एकच सांगतायत की उन्हाळी बहर संपला की कापा. तुमचा बहर संपत आलाय ना, मग हीच वेळ. फक्त एक गोष्ट तपासा, तुमच्याकडे पाणी गोठेल इतकी थंडी पडते का, आणि पडत असेल तर तिला किती अवकाश आहे. छाटणीनंतर कोवळे फुटवे येतात, ते जून व्हायला दीड-दोन महिने तरी हातात हवेत, नाहीतर पहिल्याच गोठवणाऱ्या रात्री ते काळे पडतात. तेवढा वेळ नसेल तर आत्ता फक्त फुलांचे दांडे काढा आणि खरी छाटणी वसंतावर ठेवा.

आकाराचं राहिलं. वरून सपाट कापू नका, उलटी वाटी ठेवल्यासारखा गोल आकार द्या, कडेच्या फांद्या जरा आखूड आणि मधल्या थोड्या लांब. पाणी मधे साचत नाही, कडेच्या फांद्यांनाही ऊन मिळतं, आणि पावसाने किंवा बर्फाच्या वजनाने झाड मधून फाटायची शक्यता कमी होते. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीने दांडा चेंगरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसून घ्या. आणि पानं ओली असताना कापू नका, दोन कोरडे दिवस बघून करा.

रानमोगरा

मी वसंतात कापणाऱ्यांपैकी आहे म्हणून माझी बाजू मांडते. आमच्याकडे हिवाळा कडक असतो, जमीन गोठते. मी सुरवातीला बहरानंतर लगेच चांगली खोल छाटणी करायचे, दोन हिवाळे झाड कसंबसं तगलं, तिसऱ्यात अर्ध्याच्या वर फांद्या मेल्या. तेव्हापासून बहर संपला की फक्त दांडे आणि पानांचा अगदी शेंडा, आणि मग हात लावायचा नाही. वरचा सगळा पसारा हिवाळाभर तसाच राहतो, तो आतल्या भागाला पांघरुणासारखा होतो.

वसंतात मात्र घाई करायची नाही हे महत्त्वाचं. लॅव्हेंडर उशिरा जागं होतं, बाकीची बाग हिरवी झाली तरी हे करडंच दिसतं आणि आपल्याला वाटतं गेलं. थांबायचं. खाली फांद्यांच्या बगलेत बारीक हिरवे ठिपके दिसायला लागले की मग कापायचं, कारण तेव्हा कुठे जीव आहे आणि कुठे नाही ते डोळ्यांनी दिसतं, अंदाज बांधावा लागत नाही. थंडीने मेलेली टोकं पण त्याच वेळी निघतात. उशीर फार करायचा नाही पण, तुऱ्यांचे दांडे वर यायला लागल्यावर कापलं तर त्या वर्षीची फुलं आपणच कापून टाकतो किंवा ती फार उशिरा येतात.

मातीचा_वास

रानमोगरा, अगदी बरोबर, यात वाद नाहीच. ज्यांची थंडी कडक त्यांनी मोठी छाटणी वसंतात, ज्यांचा हिवाळा सौम्य त्यांनी बहरानंतर आणि वसंतात नुसता हात फिरवायचा. दोन्हीकडे सीमारेषा तीच राहते, हिरव्यातच कापायचं.

कुंडीतली_सावली

बोट सरकवून बघितलं! खरंच जागा लगेच कळते हो, मी आजवर झाडाकडे लांबूनच बघत होते. थंडी आमच्याकडे पडते पण गोठण्याइतकी क्वचित, आणि तिला अजून तीन महिने तरी आहेत. म्हणजे आत्ता कापायला हरकत नाही ना?

अजून एक, मला माझ्या झाडाची जातच माहीत नाही. पानं बारीक, राखाडी, कडा सरळ. कुंडीतल्या दोनमधलं एक तसंच आहे, दुसऱ्याच्या तुऱ्यावर सशाच्या कानासारख्या जांभळ्या पाकळ्या उभ्या आहेत. दोघांना एकच नियम का?

दगडफुली

नाही, इथे जातीने फरक पडतो आणि याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बारीक सरळ कडांची राखाडी पानं, दांडा आखूड आणि बहुतेक बिनफांदीचा, एकच टुमदार तुरा, उन्हाळ्याच्या सुरवातीला जोरात बहर, ते अँगस्टिफोलिया म्हणजे ज्याला इंग्लिश लॅव्हेंडर म्हणतात ते. नाव इंग्लिश असलं तरी मूळचं भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या डोंगरउतारांवरचं, खडकाळ कोरड्या जमिनीतलं. हिडकोट आणि मनस्टेड हे प्रकार यातलेच, दोन्हींची नावं इंग्लंडमधल्या बागांवरून पडलीत, मनस्टेड वुड ही बागरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांची बाग आणि हिडकोट ही लॉरेन्स जॉन्स्टन यांची. याला बहर संपल्या संपल्या कापायचं. थोडं लवकर कापलं तर काही वेळा दुसरा लहानसा बहरही मिळतो.

दांडे लांबलचक, त्यांना बाजूला छोटे तुरे फुटलेले, झाड कंबरेला लागेल एवढं आणि बहर इंग्लिशपेक्षा तीन-चार आठवडे उशिरा, तर ते लॅव्हेंडिन, म्हणजे अँगस्टिफोलिया आणि लॅटिफोलिया या रुंद पानांच्या दुसऱ्या जातीचा संकर. ग्रोसो हा त्यातला सगळ्यात माहितीतला. बहर उशिरा म्हणून छाटणीही उशिरा, त्यामुळे थंडीच्या आधीचा वेळ याच्या बाबतीत कमी पडतो तेवढं लक्षात ठेवायचं. हे जोमदार असतं आणि वर्षात भराभर लाकूड धरतं म्हणून याला एखादं वर्ष सुद्धा न कापता सोडू नये. आणि हा संकर वांझ असतो, बी धरत नाही, नवं रोप हवं तर कटिंगच, म्हणजे फांदीचा तुकडा खोचून.

सशाचे कान असलेलं ते स्टोएकास, स्पॅनिश किंवा फ्रेंच कुठल्याही नावाने विकतात. ते कान म्हणजे खरं तर फुलाच्या पाकळ्या नव्हेत, तुऱ्याच्या टोकावरची रंगीत पानं आहेत. हे वसंतातच फुलायला लागतं आणि थांबत थांबत बराच काळ फुलतं. याला मोठी छाटणी सोसत नाही. पहिला बहर करडा पडला की तुरे दांड्यासकट काढून टाका, आणि फांद्यांची टोकं जराशी खुडा, परत फुटतं आणि परत फुलतं. हंगामाच्या शेवटी एकदा हलका आकार द्या. वसंतात कापायला जाल तर कळ्या जातील. थंडीला हे इंग्लिशपेक्षा नाजूक आहे त्यामुळे थंडी तोंडावर आल्यावर तर अजिबात नको.

चौथं डेन्टाटा, पानांच्या कडांना करवतीसारखे दाते असतात. उबदार हवेत हे जवळजवळ वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं म्हणून बहर संपायची वाट बघत बसलात तर ती वेळ येतच नाही. फुलं कमी असतील तेव्हा वर्षातून दोनतीनदा हलकी छाटणी करायची.

सावली, तुमचं मोठं झाड वर्णनावरून पहिल्या दोनपैकी एक वाटतंय. दांड्याला बाजूचे तुरे आहेत का बघा. आत्ता कापायला दोन्हीत हरकत नाही.

पागोळी

दमट हवेत राहणाऱ्यांसाठी थोडं लिहितो कारण बहुतेक माहिती कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेली असते आणि आपण तीच वाचून झाड घालवतो. माझ्याकडे महिनोन्महिने पाऊस आणि हवेत ओल. लॅव्हेंडरला थंडी परवडते पण ही ओल परवडत नाही. झाड दाट असेल तर आतली पानं वाळतच नाहीत, आधी पिवळी मग काळपट होतात, राखाडी बुरशी धरते, आणि ती कुज फांदीत उतरते.

म्हणून मी पावसाच्या आधी महिनाभर एक छाटणी करतो, आणि ती आकारासाठी कमी आणि हवा खेळण्यासाठी जास्त असते. आतल्या मेलेल्या बारीक काड्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, आणि जमिनीला टेकलेली सगळ्यात खालची फांदी, या काढायच्या. मेलेली काडी मात्र तळापासून काढता येते, तिथे हिरव्याचा नियम लागत नाही. झाडाखालची झडलेली पानं उचलायची. भर पावसात कात्री नाही, मोकळ्या जखमेवर ओल बसते. पाऊस संपून ऊन स्थिरावलं की मग पुढची हलकी छाटणी.

आणि एक कळकळीने सांगतो, सगळं झाड एकदम मान टाकायला लागलं, माती ओली असून पानं लोंबायला लागली तर ते छाटणीने सुधारत नाही. ते मुळांचं दुखणं असतं. मी असं एक झाड कापत गेलो कापत गेलो, वाटायचं भार कमी झाला की सावरेल, आणि शेवटी उपटलं तेव्हा मुळं काळी आणि लिबलिबीत. आधी निचरा बघा.

कुंडीतली_सावली

बाजूचे तुरे आहेत! म्हणजे लॅव्हेंडिन. आणि दांडे पण लांब आहेत, आता लक्षात येतंय की शेजारचं गेलेलं झाड बुटकं होतं ते वेगळ्या जातीचं असणार.

पागोळींचं वाचून मधला पोकळ भाग उघडून बघितला, आत बऱ्याच मेलेल्या काड्या होत्या, हात लावला की कट्कन मोडतात, त्या काढून टाकल्या. पण खरा प्रश्न तसाच आहे. वरची छाटणी केली तरी खालची वीतभर उघडी लाकडं तशीच राहणार ना? ती कधी भरून येतात का? का हे झाड आता असंच राहणार?

मातीचा_वास

खरं सांगायचं तर चार वर्षं न कापलेलं लॅव्हेंडिन पूर्वीसारखं तळापासून भरगच्च होईल अशी खात्री देता येत नाही. पण प्रयत्न करण्यासारखा आहे, आणि त्याची पद्धत आहे.

तिथेच खाली बसा आणि उघड्या लाकडाकडे अगदी जवळून बघा, भिंग असेल तर घ्या. काही फांद्यांवर, विशेषतः जिथे फांदीला फांदी फुटलीय त्या बेचक्यात, तांदळाच्या कणीएवढे राखाडी-हिरवे फुटवे दिसतील. ज्या फांदीवर ते आहेत तिला त्या फुटव्याच्या बोटभर वर कापता येतं, लाकडात असलं तरी, कारण खाली जीव दिसतोय. ज्या फांदीवर काहीच नाही तिला लाकडात हात लावायचा नाही, तिची फक्त वरच्या हिरव्यात छाटणी.

आणि सगळ्या फांद्या एका वर्षात नाहीत. फार तर एक तृतीयांश फांद्या यंदा खोल, झाडभर विखरून निवडायच्या, एका बाजूच्या सगळ्या नकोत. त्यामुळे आत ऊन पोचतं, आणि ऊन पोचलं की कधीकधी बाकीच्या लाकडावरही नवे डोळे दिसायला लागतात. पुढच्या वर्षी दुसरी तिसरी फळी. तीन वर्षांचं काम आहे. मात्र ही खोल छाटणी आत्ता करू नका, आत्ता फक्त वरची करा, खोल वाली वसंतात झाड जोरात असताना करा, तेव्हा फुटवे पण ठळक दिसतात.

दगडफुली

आणि याच्या जोडीला आत्ताच कटिंग लावून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते. नियमित छाटलेलं लॅव्हेंडर दहा-पंधरा वर्षं छान राहतं, न छाटलेलं त्याच्या निम्म्यातच थकतं, तेव्हा जुनं वाचलं तर आनंदच आहे पण नवं हाताशी असलं की तुम्हाला जुन्यावर कात्री चालवायची भीती वाटणार नाही.

छाटणीत निघालेल्या फांद्यांतून फूल न आलेल्या, निरोगी, ८ ते १० सेंटीमीटरच्या निवडा. खालचं टोक पानांच्या जोडीच्या अगदी खाली कापा, खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा, शेंडा खुडा. वाळू किंवा पर्लाइट (निचऱ्यासाठी मातीत घालतात ते हलके पांढरे दाणे) निम्मं आणि कोकोपीट निम्मं असं हलकं मिश्रण घ्या, खत अजिबात नको. कुंडीच्या कडेकडेने खोचा, कडेला निचरा चांगला असतो. उजेडात ठेवा पण थेट कडक उन्हात नको. माती नुसती दमट ठेवायची, चिखल नाही. झाकण घालणार असाल तर रोज उघडून वारं द्या, नाहीतर बुरशी. चार ते सहा आठवड्यांत हलक्या हाताने ओढून बघा, अडली म्हणजे मूळ धरलं. पाच लावायची असतील तर दहा खोचा, काही जाणारच.

रानमोगरा

लहान रोपांचं उत्तर राहिलं की. पहिल्या वर्षी मन घट्ट करावं लागतं. कुंडीतल्या रोपाचे शेंडे खुडा, प्रत्येक फांदीचं टोक, पानांच्या दोन-तीन जोड्या ठेवून. जिथे खुडलं तिथून दोन फुटतात, ते बोटभर झाले की परत खुडा. आणि पहिल्या वर्षी येणारे तुरे कळीतच काढून टाका, निदान बरेचसे तरी. रोपाची ताकद मुळांत आणि फांद्यांत जाते. मलाही पहिल्या वर्षी ते करवलं नव्हतं, फुलं बघायला तर झाड आणलं असं वाटायचं. नंतर एकाच वेळी लावलेल्या दोन रोपांपैकी एकाचे खुडले आणि एकाचे ठेवले, दुसऱ्या वर्षी खुडलेलं दुप्पट गच्च होतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या फांद्या जमिनीलगत फुटलेल्या होत्या. तुमच्या मोठ्या झाडाचं खाली उघडं पडण्याचं दुखणं इथेच सुरू होतं, पहिल्या दोन वर्षांत.

स्टोएकासचे शेंडे खुडायला पण हरकत नाही, फक्त त्याला एकावेळी थोडंच.

पागोळी

कुंडीचं एक, छाटणी केल्यावर पान कमी झालेलं असतं म्हणजे झाड पाणी पण कमी पितं. आधीच्याच हिशोबाने पाणी घालत राहिलात तर माती ओलीच राहील. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय घालू नका. आणि छाटणीनंतर "बळ यावं" म्हणून खत घालायचा मोह टाळा, नत्र जास्त झालं की लांब लुसलुशीत फांद्या येतात, वास कमी, आणि पहिल्या वाऱ्यात लोळतात. मातीच्या कुंडीत, सहा-आठ तास ऊन, एवढ्यावर ते खूश असतं.

कुंडीतली_सावली

काल सकाळी छाटणी केली. दीड तास लागला, प्रत्येक फांदीला बोट सरकवून. घमेलंभर निघालं, हाताचा वास रात्रीपर्यंत गेला नाही. एका बाजूला अजून ताजी फुलं होती आणि मधमाश्या होत्या, तेवढ्या पाच-सहा फांद्या तशाच ठेवल्या, त्या पुढच्या आठवड्यात काढीन, चालेल ना?

कटिंग अकरा खोचल्यात. लहान इंग्लिश रोपाचे शेंडे खुडले आणि तीन कळ्यांचे तुरे पण काढले. भिंगाने बघितलं तर मोठ्याच्या चार फांद्यांवर बेचक्यात ते कणीएवढे फुटवे आहेत, त्यांना लोकरीचा धागा बांधून ठेवलाय, वसंतात शोधायला नको. कापलेले तुरे सुकवायचे आहेत पण बरेचसे हात लावला की गळतायत.

दगडफुली

मधमाश्यांसाठी ठेवल्यात ते छानच, आठवड्याने काही बिघडत नाही.

तुरे गळतायत कारण ते पूर्ण उमलून वाळलेत. सुकवायला हवे असतील तर पुढच्या वर्षी तुऱ्यातली खालची एक तृतीयांशच फुलं उमललेली असताना कापायचे, सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आधी. मूठभर दांड्यांची जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगायची, दोनतीन आठवड्यांत दांडा वाकवला की तुटतो तेव्हा झालं. जुडी जाड बांधू नका, आत बुरशी येते. तेव्हा दांडे काढताना जरा पानांच्या भागापर्यंत कापत गेलात तर तोडणी आणि छाटणी एकातच उरकते, मी तर वेगळी छाटणी अशी करतच नाही. यंदाचे गळणारे तुरे कागदावर झाडून घ्या, सुटी फुलं पिशवीत भरायला उत्तम असतात.

कुंडीतली_सावली

सात आठवड्यांनी परत लिहितेय. अकरापैकी सात कटिंगनी मुळं धरली, चार काळ्या पडल्या, त्या सगळ्या मधे खोचलेल्या होत्या, कडेच्या सगळ्या जगल्या. मोठ्या झाडाला जिथे जिथे कापलं तिथे दोन दोन फुटवे आलेत, अर्धा-पाऊण इंचाचे. परवा रात्रभर मुसळधार पाऊस झाला, सकाळी धास्तीने जाऊन बघितलं, एकही फांदी लोळली नव्हती. धागा बांधलेल्या चारपैकी तीन फांद्यांवरचे फुटवे मोठे झालेत, एका फांदीवरचा गळाला, तिचा धागा सोडला. बाकी तिघींचं काम आता वसंतात.